चार कोपरे जुळले

२ जानेवारी १९९५
नवीन वर्षाचा निश्चय : जूनपर्यंत इंजिनियर. कॉलेज वगैरे नाही, डायरेक्ट. दहावी नापास पोरगा ठाण्यात वागळे इस्टेटला कॉम्प्युटरवर बसतो हे गावाला पटत नाही. आईला कळवलंय, झालोच.

९ जानेवारी
मोठं काम आलं. डोंबिवलीच्या कारखान्याची भट्टी. आत तापणारी प्लेट, तिला चिकटून बाहेरचा दरवाजा. दरवाजा किती तापेल ते कॉम्प्युटर सांगणार. मेश, म्हणजे दोन्ही भागांवर चौकोनांची जाळी, मी टाकणार. आणि भट्टी चालवणार धाकू! ठाकुर्लीला ज्या मनुबाईंकडे राहतो त्यांचा मुलगा. त्याला बोललो, तुझी भट्टी आपल्या हातात आहे. तो बोलला, मग नीट बनव रे साहेब, दिवसभर दरवाजा मलाच उघडायचाय.

१२ जानेवारी
आमच्या इंजिनियर नीला मॅडम बोलल्या, उत्तम, लोखंडाला लोखंड टेकतं तिथे दोन्ही जाळ्यांचे सगळे ठिपके, जिथे रेघा मिळतात ते, समोरासमोर आले पाहिजेत, मग मर्ज करायचे, म्हणजे एकमेकांना जोडायचे. नाहीतर कॉम्प्युटरला मधे फट वाटते, उष्णता पलीकडे जातच नाही. हो मॅडम, बोललो. मॅडमना सगळ्याचीच भीती.

१६ जानेवारी
प्लेटची जाळी बारीक घेतली, दरवाजाची मोठी. मोठी पटकन होते. मॅडम भावाच्या लग्नाला नाशिकला. बरंच झालं. मर्ज दाबलं. मशीन बोललं, चार ठिपके जुळले. चारी कोपरे! कोपरे जुळले म्हणजे मधलं आलंच. दरवाजा काय पळून जातोय?

१८ जानेवारी
रिझल्ट. प्लेट लालभडक, दरवाजा निळाशार, फक्त कोपऱ्यांत चार लाल ठिपके. रांगोळीच. आमचे मालक शिवराम साहेब खूश. दरवाजा थंडच राहतो तर त्यावर उष्णता अडवणारं अस्तर कशाला, बोलले, काढून टाका. माझ्यामुळे एवढं सामान वाचलं. उद्या पगारवाढ मागायची.

१९ जानेवारी
साहेबांचा मूड नव्हता.

३ फेब्रुवारी
कारखान्यात भट्टी बसवून झाली. धाकूने विचारलं, हातमोजे घालू काय? अरे येड्या, कॉम्प्युटरने काढलंय, बिनधास्त हात लाव. तू बोलतोस म्हणून हां, बोलला.

७ फेब्रुवारी
आज भट्टी पहिल्यांदा तापवली. धाकूचा उजवा हात. अख्खा तळवा दरवाजाला चिकटला. सोडवताना कातडी तिथेच राहिली. वायरिंग चुकलं असणार. नायतर प्लेटच जास्त तापवली असेल कोणीतरी.

८ फेब्रुवारी
मॅडमनी माझी फाइल उघडली. बोलल्या, एवढ्या मोठ्या दरवाजात उष्णता चार कोपऱ्यांतूनच जाणार होती का रे? मी बोललो, मशीननेच सांगितलं जुळलं म्हणून. त्या बोलल्या, चार सांगितलं. ओरडल्या नाहीत. साहेबांनी माझी खुर्ची दुसऱ्याला दिली. तात्पुरतं असणार.

१० फेब्रुवारी, हॉस्पिटलच्या बाहेर
मनुबाई जिन्यात बसलेल्या. बोलल्या, उत्तम, तू कॉम्प्युटरवाला, तुला कळतं. डाक्टर धड सांगत नाय. बोटं वळतील ना रं त्याची? मी बोललो, वळतील मावशी, शंभर टक्के. त्यांनी डोळे पुसले. लगेच उठून आत गेल्या, धाकूलाही सांगून आल्या.
डॉक्टरांना मी भेटलेलोच नाही.