आमची आणि आपली

बोईसर, १९ मार्च १९६६

प्रिय हंसा,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. तुझ्या नव्या विद्यार्थ्यांसाठी तुला दोन पानं हवी आहेत: भाषाशास्त्र म्हणजे काय, आणि माणसाची भाषा अभ्यासायची कशासाठी. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. लोकांनी कसं बोलावं हे आपण सांगत नाही. ते कसं बोलतात ते ऐकतो आणि त्यामागचा नियम शोधतो. दुसऱ्यापाशी मी अडलो आहे.

गोमाची जमीन गेली.

गोमा तुला माझ्या वह्यांमधून माहीत आहे. बोईसरच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी त्याचा वरकस, हलक्या जमिनीचा तुकडा होता. नागली पिकायची, तीही पावसाच्या मर्जीवर. बापाच्या आधीपासूनची वहिवाट, कागद नाही. शाळा सुटली की मी त्याच्या अंगणात वही घेऊन त्याचे शब्द टिपत बसायचो. त्याची बायको जिवली हसायची. "मास्तर, सबूद खाऊन पोट भरते काय तुमचं?" म्हणायची, आणि भाकर पुढे ठेवायची.

'आम्ही'त ऐकणारा नसतो, 'आपण'मध्ये असतो, एवढं आपण पुण्यात शिकलो होतो. गोमाकडे त्यापुढचा नियम होता. दारात आलेल्या माणसासमोर तो कशालाच 'आमचं' म्हणत नसे. घर आपलं, विहीर आपली, कोंबडीसुद्धा आपली. पाहुण्याला 'आमचं' म्हणणं म्हणजे त्याला उंबऱ्याबाहेर उभं करणं. 'आमचं' हा शब्द भांडणासाठी राखलेला. यावर मी एक प्रकरण लिहिलं. तू ते वाचून शाबासकी दिली होतीस.

गेल्या वर्षी नव्या रस्त्यासाठी जमिनी घ्यायचं ठरलं. कागद नसलेल्यांचे जबाब घ्यायला नागोराव नावाचा कारकून आला. तो घाटावरचा, इथली बोली त्याला कळेना, म्हणून त्यानं दुभाषी म्हणून मला सोबत नेलं. ज्याची वहिवाट जबाबात ठरेल त्याला दुसरीकडे जमीन मिळणार होती. शेजारच्या सुकानं आम्हाला बांधावरच अडवलं. आमची जमीन हाय, पाय ठेवू नका, म्हणाला. नागोराव चिडला, पण त्यानं तसंच लिहिलं. मग आम्ही गोमाकडे गेलो. त्यानं घोंगडी अंथरली, ताडगोळे सोलून दिले. जमीन कोणाची, असं नागोरावनं विचारलं.

"आपलीच हाय, सायेब," गोमा म्हणाला.

आपली म्हणजे सरकारचीच की, असं म्हणत नागोराव हसला. पाहुणा हसला म्हणून गोमाही हसला. जमीन सरकारी असल्याचं कबूल, असं लिहून झालं आणि खाली अंगठा उठला.

सुकाला पलीकडे जमीन मिळाली. गोमाला नोटीस मिळाली. मी चार पानांचा अर्ज केला, त्यात तो नियम उदाहरणांसह मांडला. नागोरावच्या वरच्या साहेबांनी तो पूर्ण वाचला, हे कबूल करायला हवं. मग म्हणाले, तुमचा नियम बरोबर असेल मास्तर, पण खाली अंगठा आहे. आणि तुम्ही तर तिथंच होतात.

मी तिथंच होतो, हंसा. गोमा ते वाक्य बोलला तेव्हा माझी मान खाली होती. इतकं नितळ उदाहरण दोन वर्षांत मिळालं नव्हतं. परक्या माणसासमोर, स्वतःच्या जमिनीबद्दल, 'आपली'. मी ते वहीत उतरवून घेत होतो. सरकारी असं लिहिण्याआधी नागोरावनं मला विचारलंही होतं, "मास्तर, ऐकलंत ना?" मान वर न करता मी म्हणालो, "हो."

काल गोमा आणि जिवली वीटभट्टीवर निघून गेली. जाताना शाळेपाशी थांबली. गोमानं विचारलं, "मास्तर, मी काय चुकीचा बोललो?" नाही, म्हणालो, काहीच चुकीचं बोलला नाहीस. आपल्या शास्त्रात कोणीच चुकीचं बोलत नाही. त्याचं समाधान झालं असावं. त्यानं मान हलवली आणि ती दोघं स्टेशनकडे चालू लागली. माझा 'हो' मात्र मी त्याला सांगितला नाही. तो कोणाला तरी सांगायचा होता म्हणून हे पत्र. तुझी दोन पानं मला लिहिता येणार नाहीत.

तुझाच,
एकनाथ