बार्रा ते मेलाके, समुद्राच्या बाजूची खिडकी

ॲथलोन, आयर्लंड
रविवार, २१ नोव्हेंबर २०२१

तीर्थरूप शशिकांतमामांना सारंगचा साष्टांग नमस्कार. (इथली फरशी नोव्हेंबरात फार गार असते, म्हणून प्रत्यक्षात खुर्चीवर बसूनच घातला आहे, पण तुम्ही पूर्ण धरावा.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींनी तेल लावणं बंद केलं असं कळलं, म्हणजे एकतर गुडघा बरा झाला किंवा मामी कंटाळल्या. दोन्हींपैकी काय ते कळवा. आम्ही बापलेक खुशाल आहोत. फोन असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण आमचं घर लहान, बाबांचे कान तिखट, आणि सांगायचं आहे ते बाबांबद्दलच. लिहिताना आवाज होत नाही.

तर बाबा सध्या मेक्सिकोत आहेत. देहाने ते आत्ता स्वयंपाकघरात वरणाला फोडणी देताहेत, पण त्यावर जाऊ नका. मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावर एक अर्धगोल खाडी आहे. तिच्या एका टोकाला बार्रा दे नाविदाद नावाचं चिमुकलं गाव आणि दुसऱ्या टोकाला मेलाके. दोन्हींमध्ये अंतर जेमतेम पाच किलोमीटर. आपल्याकडे एवढ्या अंतरात लोक दोन वेगळ्या पद्धतीची भाजी करतात, तसंच तिथेही असावं. या दोन गावांमधली बस हा गेल्या दहा महिन्यांपासून आमच्या घरातला मुख्य विषय आहे, आणि त्यापायी बाबा नागपूरचं तिकीट काढायला तयार नाहीत. आता विमानं सुरू झाली, तुम्ही तिकडे त्यांच्या घराची किल्ली सांभाळून थकलात, आणि हे म्हणतात, मेलाकेचं काम अर्धवट टाकून कसा जाऊ.

मुळापासून सांगतो. आई गेली डिसेंबरात आणि फेब्रुवारीत मी बाबांना तीन महिन्यांसाठी इकडे आणलं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मार्चात जग बंद झालं आणि तीन महिन्यांचे वीस झाले. (व्हिसाला मुदतवाढ मिळत गेली. सरकारलाही त्यांना पाठवायचं कुठे हा प्रश्नच होता.) चौतीस वर्षं एसटीच्या आगारात वाहतूक नियंत्रक म्हणून काढलेला माणूस खिडकीत बसून राहायचा. समोरच्या रस्त्यावरून तासाला एक बस जायची, तीही रिकामी. ती गेली की बाबा म्हणायचे, "हे बरं नाही." दिवसभरात एवढंच. पुढे पुढे तेही म्हणेनात. मी आतल्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगांमध्ये आणि ते बाहेर खिडकीत, आणि जेवताना आम्ही दोघं मिठाबद्दल बोलायचो. मला भीती वाटायला लागली होती, मामा. या माणसाला मी इथे आणून विझवतोय की काय, असं वाटायचं.

आमच्या शेजारी ब्रीडा नावाच्या बाई राहतात. पोस्टातून निवृत्त झालेल्या, एकट्या, कमरेचं ऑपरेशन झालेल्या, पण बोलायला खणखणीत. इथल्या लोकांचा लाडका संत पॅट्रिक, आणि मेलाकेचं पूर्ण नाव सान पात्रिसिओ मेलाके, म्हणजे त्याच संताचं गाव. हे कुठल्याशा मासिकात वाचून बाईंनी मार्च २०२०चं तिकीट काढलं होतं, ते अर्थातच बुडालं. गेल्या जानेवारीत मी कुंपणावरून त्यांना गुपचूप विनंती केली, की ते प्रवासाचं पुस्तक बाबांना द्या आणि म्हणा मला जरा बस वगैरेची माहिती नीट काढून हवी आहे. माणूस कामाला लागेल. बाई माझ्याकडे जरा विचित्र बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "ग्रँड." (इथे या शब्दाचा अर्थ होय, ठीक, नाही आणि देव बघेल यांपैकी काहीही असतो.)

पुस्तकात एक वाक्य होतं, की दोन्ही गावांमध्ये साधारण दर पंधरा-वीस मिनिटांनी बस असते. त्या 'साधारण'ने घात केला. बाबांनी चष्मा पुसला आणि खिडकीतून उठून टेबलाशी आले. पंधरा की वीस? सुटते कुठून? शेवटची कधी? दिवसभरात गाड्या किती लागत असतील? रात्री झोपताना ते म्हणाले, दोन गाड्या आणि एक राखीव, एवढ्यात भागेल. त्या दिवशी ते पोटभर जेवले.

पुढे वाढत गेलं. विमानतळावरून टॅक्सीला अर्धा-पाऊण तास, बँक आणि मोठी दुकानं मेलाकेत, होड्या आणि शांतता बार्रात, बुधवारी बाजार मेलाकेला आणि गुरुवारी बार्राला. हे बाजाराचं कळल्यावर बाबांना गावं एकदम आपली वाटायला लागली. मेलाकेत खोल्या भाड्याने देणाऱ्या डोन्या एल्विरा म्हणून एक बाई आहेत. पुस्तकात त्यांचा नंबर होता. बाबांनी व्हॉट्सॲपवर त्यांना बोलून निरोप पाठवला, चक्क मराठीत, की पहिली गाडी सकाळी किती वाजता सुटते. त्यांनी स्पॅनिशमध्ये चार मिनिटांचं उत्तर दिलं. दोघांनाही एकमेकांचं एक अक्षरही कळलं नाही आणि दोघांनीही ते मनावर घेतलं नाही. तेव्हापासून रोज एक निरोप इकडून जातो आणि एक तिकडून येतो. त्यांच्या बोलण्यामागे समुद्र ऐकू येतो. संध्याकाळी साडेचारलाच इथे अंधार पडतो, बाहेर पाऊस बारीक लागलेला, आणि आम्ही दिवा न लावता टेबलाशी बसून ते निरोप ऐकायचो. बाई काहीतरी सांगताहेत, लाट येते, जाते, मध्येच कुठेतरी कोंबडा. चहा गार व्हायचा. कधी कधी मला वाटायचं की उठून मागचं दार उघडलं तर पायाला वाळू लागेल. एकदा मी खरंच उघडलं. ब्रीडाबाईंचं मांजर आत आलं.

तेव्हा इथे नियम होता, घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही. आणि खाडीही पाच किलोमीटरची. बाबांना एवढं पुरलं. आमच्या घरामागून जुन्या रेल्वेच्या जागी केलेला पायरस्ता जातो. बाबांनी आमचं फाटक म्हणजे बार्रा ठरवलं आणि जिथे नियम संपतो ती जागा मेलाके. मध्ये सहा थांबे. पुलाखाली पहिला, गायींच्या फाटकाशी दुसरा, तिसरा एका मोडक्या बाकाशी. दररोज माझी मीटिंग संपली की आम्ही वेळेवर सुटायचो, प्रत्येक थांब्यावर बाबा तोंडाने डबल घंटी द्यायचे आणि वहीत वेळ टिपायचे. मी उशीर केला तर माझ्या नावापुढे शेरा. धुक्यात दोन्ही बाजूंची शेतं दिसत नसत आणि डावीकडे पाणी आहे असं समजायला काहीच अडचण यायची नाही. बाकाशी आम्ही पाच मिनिटं थांबायचो (इंजिन थंड करायला). तिथे बोलणं निघायचं. आईचा विषय पहिल्यांदा तिथेच निघाला. ती समुद्रावर कधी गेलीच नाही, हे मला माहीत नव्हतं. तुम्हाला असेल.

फेब्रुवारीत मेलाकेच्या अलीकडे एका पोलिसाने अडवलं. कुठे निघालात, असं त्याने सभ्यपणे विचारलं. मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "मेलाके. ओन्ली फाइव्ह किलोमीटर, सर," आणि वही पुढे केली. पोलिसाने सगळं पान वाचलं. वेळा, थांबे, माझे शेरे. मग त्याने विचारलं, परतीची किती वाजता? बाबांनी सांगितलं. तो म्हणाला, मग निघा, चुकेल. मी त्या माणसाचं नाव विचारायला हवं होतं.

शेवटी ब्रीडाबाई ऑक्टोबरच्या अखेरीला खरोखरच निघाल्या. बाबांनी त्यांना चौदा पानांची मार्गदर्शिका दिली, इंग्रजीत, स्वतःच्या हस्ताक्षरात. त्यात नळाचं पाणी पिऊ नये, सुट्टे पेसो वेगळ्या खिशात ठेवावेत, टॅक्सीत बसण्याआधी भाडं ठरवावं हे सगळं होतंच. शिवाय मेथीच्या दशम्या तीन दिवस टिकतात, सोबत न्याव्यात. (नेल्या.) आणि कलम नऊ: गाडीला गर्दी असल्यास खिडकीतून आसनावर रुमाल टाकावा, जागा आपली होते. हे आंतरराष्ट्रीय नाही, बाबा, असं मी म्हणालो. ते म्हणाले, जागा धरणं सगळीकडे सारखंच असतं. दुपारी बार्राहून मेलाकेला जाताना ऊन डावीकडे आणि समुद्रही डावीकडे, यावर त्यांनी दोन आठवडे विचार केला. शेवटी लिहिलं, डावी बाजू घ्यावी, ऊन सोसावं. बाईंकडे रुमाल नव्हता (इथे कागदाचे वापरतात), म्हणून बाबांनी आपल्या बॅगेतून एक काढून दिला. कुंपणावरून बाईंनी माझ्या गाडीच्या खिडकीत टाकून सरावही केला. तिसऱ्या वेळी बरोबर सीटवर पडला.

बाई गेल्या रविवारी परत आल्या, लालबुंद होऊन. त्यांनी एक तास थांब्यावर बसून गाड्यांच्या वेळा टिपून आणल्या आहेत. त्या अशा: सात मिनिटं, एकतीस मिनिटं, दोन एकदम, मग काहीच नाही. शिवाय त्या बसमधून समुद्र दिसतच नाही म्हणे, रस्ता आतून जातो. गावं झेंडूने भरली होती, मेलेल्या माणसांचा सण होता, चालकाच्या काचेवरसुद्धा झेंडूची माळ. बाबा ते फोटो बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, तिथे एका नियंत्रकाची गरज आहे.

तेव्हा मामा, आता तुम्हीच काय ते करा. तुमचा शब्द ते मानतात. एक कडक पत्र लिहा. म्हणावं, पुरुषोत्तमराव, घर वीस महिने बंद आहे, भिंतींना ओल आली असेल, तुळस गेली, निमूट तिकीट काढा. मेक्सिकोचा म सुद्धा काढू नका. मी इकडून बॅग भरतो.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
सारंग

ता. क. – तिळाची चटणी पाठवू नका, बाबांनी ब्रीडाबाईंना शिकवली आहे आणि आता कुंपणावरून तीच येते.

ता. क. २ – पत्र कडक लिहा म्हणालो, ते फार कडक नको. खरं म्हणजे तुमचा गुडघा असा असताना ते टपालात टाकायला लगेच धावूही नका. मार्चपर्यंत घर बंद राहिलं तर काही बिघडणार नाही. ओल उन्हाळ्यात आपोआप जाते. बाबा गेल्यावर मी त्या रस्त्यावर कोणाबरोबर जाऊ, हे मी अजून ठरवलेलं नाही. तेव्हा वाटलं तर लिहूच नका.

ता. क. ३ (वेगळ्या हस्ताक्षरात) –

शशिकांत, पत्र टपालात टाकायले माझ्याजवळच दिलं पोट्ट्यानं. पाकीट उघडं होतं, वाचलं. पोट्टं चांगलं लिहिते.

तिकीट मी मंगळवारीच काढलं. चार डिसेंबरले पोचतो. तुझ्या ताईचं श्राद्ध आहे, ते का इथून होते? घर उघडून ठेव, टाकी भर, स्टेशनवर-विमानतळावर येऊ नको, गुडघा सांभाळ. सारंगले आज जेवताना सांगतो.

ब्रीडाबाईचं पुस्तक त्यानं माझ्यासाठी मागितलं म्हणते. त्याच्या दोन दिवस आधी मीच मागितलं होतं, त्याच्यासाठी. आई गेल्यापासून हे पोट्टं एक अक्षर बोललं नव्हतं. दिवसभर त्या डब्यापुढे बसायचं, रात्रीले लाइट चालूच. म्हटलं याले रोज पाच किलोमीटर बाहेर काढायचं तर काहीतरी काम पाहिजे. बाई शहाणी, दोघांचं ऐकलं आन् दोघांलेही सांगितलं नाई. तिसऱ्या थांब्यावर लेकरू रडलं, ते त्यानं तुले लिहिलं नाई. बरं वाटलं मले.

मी गेल्यावर तू त्याले दर रविवारी फोन करून गाडीच्या वेळा विचारत जाय. मेलाकेच्या. काऊन विचारतो, ते सांगू नको. वेळा टिपायच्या म्हणजे त्याले चालावंच लागते.

आणखी एक. ब्रीडाबाईले दिलेला रुमाल अलकनंदाचा, तुझ्या ताईचा होता. बाईनं तो सांगितल्याप्रमाणे डाव्या खिडकीतून टाकला, आन् चढेपर्यंत गाडी सुटली. लय वाईट वाटलं तिले, माझ्यापुढे रडली. मी म्हटलं, बाई, रडू नका. जागा धरली गेली.