सरकारनं तुझाच कित्ता गिरवला

आई, तू गेलीस तेव्हा मला यायला जमलं नाही, म्हणून तुझ्याशी शेवटचं भांडण राहूनच गेलं. आज बसलेय भांडायला.

तू गेल्यावर तीन वर्षांनी तुझ्या नातीचं लग्न झालं. माझे यजमानही तोवर वारले होते. मी इथं ब्रिटनमध्ये, कार्डिफच्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी इस्त्री करत होते. पोरगी साताऱ्याला जाऊन एका मास्तराशी लग्न करून आली, पण एकटीच. आम्हा सगळ्यांचा पासपोर्ट अजून इंडियाचा. त्या पासपोर्टवर इथं राहणारा बाप्या बायको आणू शकायचा, बाईनं मात्र नवरा आणायचा नाही. का, तर नवरे येऊन नोकऱ्या खातात. मग मी रोज आठ तास काय हवा खात होते?

आमच्यासारख्याच काही बाया फ्रान्समधल्या मानवी हक्कांच्या कोर्टात गेल्या आणि जिंकल्या. कोर्ट म्हणालं, बाई-बाप्यात असा भेद चालायचा नाही. ह्या सरकारनं त्या कोर्टाचं ऐकायचा शब्द आधीच दिलेला, त्यामुळं निकाल पाळणं भाग. मी शिरा केला. पोरीनं नवऱ्यासाठी कपाटातला एक कप्पा रिकामा केला.

काही महिन्यांनी नवा नियम आला. सरकारनं निकाल पाळला, अगदी तंतोतंत! नवऱ्यांना दार उघडलं, पण लग्न इथं यायसाठीच केलं नाही हे सिद्ध करा, ही त्यांची चाळणी तशीच ठेवली आणि तीच बायकांनाही लावली. माझ्या धाकट्या लेकाची सोयरीक गावाकडं ठरलेली, तो बहिणीवर ओरडला, "ताई, तुझ्या कोर्टानं माझी पण वाट लावली!"

"कोर्टानं नाही रे, ह्या सरकारनं! दिस इज चीटिंग!" पोरगी उसळली.

मी हसत सुटले. "आई, व्हॉट्स सो फनी?" ती चिडली.

तिला काय सांगू? डोळ्यांपुढं आपलं घर, लहानगी मी चुलीपाशी बसलेय. दादाच्या भाकरीवर तूप, माझी कोरडी. आजोबा दारातून गरजतायत, "सूनबाई, लेक आणि लेकीला सारखं वाढायचं!" तू पदर सावरून म्हणतेस, "बरं, मामंजी." आणि दुसऱ्या दिवशी दादाचीही भाकरी कोरडी! आजोबा म्हणतात, "हे काय?" तू म्हणतेस, "सारखंच हाय की, मामंजी." दादानं मला परसात धोपटलं ते वेगळंच. खरं सांग, हे सरकार तुझ्या हाताखाली शिकलं ना?

जावयानं अर्ज केला, तेव्हा मुंबईच्या व्हिसा ऑफिसात साहेबानं त्याला विचारलं, "तिकडं जायला मिळावं म्हणून लग्न केलंत?"

"नाही, बायकोसाठी केलं."

"मग तिनंच इकडं यावं की!"

"साहेब, ते माझ्या सासूबाईंना विचारा."

झालं, अर्ज फेटाळला. पोरगी दोन दिवस जेवली नाही. मी सरकारला अशा शिव्या घातल्या, की पलीकडच्या वेल्श म्हातारीनं न समजताच मान डोलावली.

पुन्हा अर्ज केला. ह्या वेळी घरात जावयाला जागा आहे, असं मी सही करून द्यायचं होतं. पोरीनं कागद पुढ्यात ठेवला. रोज विचारायची, "आई, साइन केलंस?" मी म्हणायचे, "चष्मा सापडत नाही गं." चष्मा माझ्या एप्रनच्या खिशात होता. जावई आला की दोघं मला सोडून लांब रीडिंग शहरात बिऱ्हाड करणार, हे पोरीला फोनवर बोलताना मी ऐकलं होतं.

तीन आठवडे काढले मी असे. शेवटी ती माझ्यासाठी नवा चष्मा करायला निघाली, तेव्हा मुकाट्यानं सही केली.

आता दोघं रीडिंगला सुखात आहेत. एवढी वर्षं का लागली म्हणून कुणी विचारलं, की ती सरकारचं नाव घेते. मीही घेते. हे पत्र टाकायला तुझा पत्ता नाही, म्हणूनच तुला चष्म्याचं हे लिहिता आलं.