पिवळ्या ठिपक्यामागे

ता. ३ मार्च

चि. टाचणीस, अ. उ. आ.

तू पाठवलेला कंप्युटर टेबलावर मांडला. देखणा आहे, यात वाद नाही, पण जरा माणूसघाणा वाटतो. जुन्यावर सगळ्या खिडक्या माझ्या मनासारख्या मांडलेल्या असायच्या. डावीकडे घराचा नकाशा, उजवीकडे मोजमापं आणि कोपऱ्यात व्हिडिओ कॉलवर एवढीशी, शिलाई मशीनवर वाकलेली तू. इथे नकाशाला हात लावला की तू त्याच्यामागे जातेस. तुला पुढे आणावं तर नकाशा गायब. काल जिन्याची एक रेघ ओढता ओढता कुठून कुठून खिडक्या तरंगत आल्या आणि ढगांसारख्या निघून गेल्या. मी आपला काम सोडून बघत बसलो.

बंद करायची फुलीसुद्धा उचलून डावीकडे नेली आहे. आणि फुली कसली, तीन रंगीत ठिपके! काम संपलं की मी पिवळा दाबतो. मग तू लहान लहान होत खाली कुठेतरी विरघळतेस. झोप लागता लागता समोरची खोली विरते ना, तसं. मग मी चहा मागतो.

पडदा मात्र याचा धुरकट निघाला. रेघांच्या कडा मऊ मऊ दिसतात. दुकानदाराला जरा झाप.

आपला नियम मी मोडलेला नाही हं. कॉलवर फक्त काम, बोलणं पत्रात. तुझ्या मशीनच्या खडखडीनं माझा हात हलतो म्हणून तुझा आवाज बंदच ठेवतो, राग मानू नकोस. तुझी आत्या दिवसभर माझ्यावर ओरडते, म्हणजे तिची तब्येत ठणठणीत आहे. नाटकाच्या कपड्यांची ती नोकरी कायम होण्याचं कुठवर आलं, ते कळव.

लोभ आहेच, तो तेवढा खिडकीसारखा मागे जाऊ देऊ नकोस.

तुझे बाबा


ता. ९ मार्च

ती. बाबांस, शि. सा. न.

बाबा, पिवळ्या ठिपक्यानं काही बंद होत नाही. खिडकी नुसती दिसेनाशी होते, कॉल चालूच राहतो. खाली चित्रांची रांग आहे, तिच्यात मी असते. बोट ठेवलंत की वर येईन.

तुम्ही मला घालवून चहा पीत होतात आणि मी तिथेच होते. मला वाटलं, लाडानं चालू ठेवलंय. तुमचं गुणगुणणं, आत्याच्या भांड्यांचा आवाज, खिडकीतून टेबलावर सरकत जाणारं ऊन. राणीच्या झग्याची किनार मी तुमच्याच खोलीत बसून शिवली म्हणा ना. इतकी सुखात होते की विचारलंसुद्धा नाही.

मग सोमवारी आत्या चहा घेऊन आली. तुम्ही तिला म्हणालात, की उजव्या डोळ्यानं रेघच दिसत नाही, डॉक्टर म्हणतो लवकर ऑपरेशन केलं नाही तर नजर जाईल, पण पोरीला कळलं तर ती नोकरीवर लाथ मारून पळत येईल. तिची नोकरी कायम होईपर्यंत चकार शब्द काढायचा नाही, असं बजावलंत. आत्या पदर तोंडाला लावून रडली. मी तेव्हाच कॉल तोडायला हवा होता. हात उचललाच नाही.

पडदा धुरकट नाही हो बाबा.

मी निघून येते आहे. नोकरीचं बघता येईल.

माया आहे तेवढी पुरे, आता जरा विश्वासही ठेवा.

तुमची टाचणी


ता. १२ मार्च

चि. टाचणीस, आ.

चोरून ऐकतेस? लाज नाही वाटत? असं लिहायला बसलो होतो. त्याआधी तू सांगितलंस तसं खालच्या चित्रावर बोट ठेवलं. तू मोठी मोठी होत वर आलीस. झग्याच्या ढिगावर डोकं टेकून झोपली होतीस. रोज मी तुला घालवत होतो आणि तू अशी बसून असायचीस. माझा राग कुठे गेला, कळलं नाही.

ऑपरेशन करून घेतो. उद्याच जाऊन तारीख घेतो, आत्याची शपथ. पण नोकरी पक्की होईपर्यंत तू जागची हलायचं नाहीस. तू ती माझ्यापायी सोडलीस, तर चांगल्या डोळ्यानंही मला तुझ्याकडे बघवणार नाही. पोरी, मला भीती वाटते आहे, ते खरं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधल्यावर तू पुढे आहेस की मागे, मला कसं कळणार? तेव्हा तुझा आवाज चालू करून ठेवीन. तू बोलू नकोस, नियम तो नियम. नुसती मशीन चालव.

तुझे बाबा


ता. २० मार्च

चि. टाचणीस, अ. उ. आ.

अक्षर आत्याचं आहे, बोलणं माझं. ती मधे मधे स्वतःचं घुसडते, तिकडे लक्ष देऊ नकोस. नोकरी कायम झाली, वा! आता रीतसर रजा काढ आणि ये. डॉक्टर खूश आहे, पट्टी परवा सुटेल.

कंप्युटर उशाशी ठेवलाय. पट्टीआड नुसता केशरी उजेड आणि त्यात तुझी खडखड. तिच्यावरून मला कळतं, आता सरळ शिवण चाललीय, आता वळण आलं. हात काही हलत नाही माझा. इतकी वर्षं उगाच बंद ठेवली.

आज दुपारी खडखड एकदम थांबली. आत्याला म्हटलं, बघ गं, गेली का? तिनं वाकून पाहिलं आणि सांगितलं, की आहे, सुईत दोरा ओवते आहे.

मग मला झोप लागली.

तुझे बाबा