एका उसाशाची मालवाहतूक

ती. ताईस,

तुझ्या मधल्या भावाचा वाकून नमस्कार (कंबर वाकू देते तितकाच, उरलेला तू मनातल्या मनात पूर्ण करून घे). तुझे गुडघे जिना चढायला राजी झाले का? भाऊजींचा कान सुधारला का, की अजूनही त्यांना सोयीचं तेवढंच ऐकू येतं? माझं म्हणशील तर मी ठणठणीत आहे. हे वाक्य मुद्दाम सुरुवातीलाच लिहितोय, कारण रविवारी तू, भाऊजी, धाकटा आणि त्याची बायको असे सगळे गाडी करून मला बघायला निघताय, असं माझ्या कानावर आलं आहे. (कानावर म्हणजे भिंतीतून. आमची सूनबाई फोनवर हळू बोलायला लागली की मला जास्त स्पष्ट ऐकू येतं, हे तिला अजून कळलेलं नाही.) आणि नुसतं बघायला नाही, तर बैठक घालून मला कॉलेजातून काढायला. त्या बैठकीत तू "आता पुरे" म्हणालीस की विषय संपला. मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवरून उठून तुला किती वर्षं झाली, तरी आपल्या घरात तुझ्या शब्दानंतर अजून कुणी बोलत नाही. म्हणून तुला आधी सगळं सांगतो. मग गाडी काढायची की नाही, ते तूच ठरव.

गोदाम मुलाच्या आणि सूनबाईच्या हाती देऊन मी कॉलेजात नाव घातलं, तेव्हा घरात कुणी फारसा विरोध केला नव्हता, कारण कुणाला ते खरंच वाटलं नव्हतं. पुरवठा साखळी आणि मालवाहतूक व्यवस्थापन, असं त्या अभ्यासक्रमाचं भारदस्त नाव आहे. मुलगा म्हणाला, बाबा, जन्मभर तुम्ही हेच केलंत, आता शिकायचं काय राहिलं? मी म्हटलं, जन्मभर जेवलो म्हणून मला स्वयंपाक येतो का? यावर तुझी वहिनी आतून म्हणाली, "नाही." मग मुलाने अट घातली. पहिल्या सहामाहीला पास झालात तर हवं तितकं शिका. नापास झालात तर मुकाट्यानं गोदामातल्या खुर्चीवर येऊन बसायचं. मी हात मिळवला. ती परीक्षा आता तोंडावर आली आहे. त्या खुर्चीशी माझं भांडण नाही. हातगाडी ओढत होतो तेव्हा तिचीच स्वप्नं बघायचो. पण वर्गात मला खिडकीजवळची जागा मिळाली आहे, ताई, आणि आता ती माझ्याच्याने सोडवत नाही.

पहिल्या दिवशी फाटकावरच्या पहारेकऱ्याने माझ्या केसांकडे (म्हणजे जिथे ते असायचे तिकडे) बघून मला पालकांच्या सभेत नेऊन बसवलं. सभा चांगली चालली होती, पंखा डोक्यावर होता, मध्ये उठणं बरं दिसलं नसतं. प्राचार्यांनी प्रत्येक पालकाला पाल्याबद्दल विचारलं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, पाल्य मनाने चांगला आहे पण त्याचं लक्ष चटकन दुसरीकडे जातं. प्राचार्यांनी मान हलवली आणि त्याच्यावर घरून लक्ष ठेवा म्हणाले. मी ठेवीन म्हणालो. तुझ्या वहिनीने हे ऐकलं आणि तेव्हापासून ती ते काम माझ्याकडून काढून स्वतः करते आहे.

आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम आपल्या सूनबाईपेक्षाही लहान आहेत. फळ्यावर चौकोन काढतात, चौकोनातून बाण काढतात, बाण दुसऱ्या चौकोनात जातो, आणि बोलताना त्यांचा आवाज कधी चढत नाही. एकदा म्हणाल्या, खिशातली कुठलीही एक वस्तू हातात घ्या आणि ती जिथून आली तिथवर मागे मागे चालत जा. पोरांनी फोन काढले. माझ्या खिशात फणी निघाली (सवय, ताई, केस गेले पण फणी राहिली). मी फणी घेऊन निघालो. कोपऱ्यावरचं दुकान, दुकानाच्या दाराला लटकणारा पुठ्ठा, पुठ्ठ्यावर ओळीने बांधलेल्या फण्या. त्याच्या मागे खोकं, खोक्यामागे माझ्यासारख्याच कुणाचं तरी गोदाम, अर्धवट वर गेलेलं शटर, आत ताडपत्रीचा वास. त्याच्या मागे बंदर. मग जहाज, आणि जहाजावर कठड्याला टेकून काहीच न करता उभा असलेला एक खलाशी. त्याच्याशी थोडं बोललो. त्याच्या मागे कारखाना, तिथे प्लास्टिकचे साखरेसारखे शुभ्र दाणे एका मोठ्या नरसाळ्यातून खाली पडत होते आणि एक बाई त्यांच्याकडे बघत जांभई देत होती. दाण्यांच्या मागे काळं तेल, तेलाच्या मागे समुद्राचा तळ, आणि तळाशी इतकी शांतता की घंटा वाजली तेव्हा मला वर यायला वेळच लागला. मागच्या बाकावर कुजबुज चालली होती. एक म्हणत होता, "काका झोपले रे." दुसरा म्हणाला, "झोपले नाहीत, अजून किनाऱ्याला लागायचेत." दुसरा पोरगा हुशार आहे. पुढे जाईल.

तुला हसू येईल, पण मला त्या दिवशी एक गोष्ट पहिल्यांदाच कळली. माझ्या हातून आयुष्यभर खोकी गेली. बंद आली आणि बंद गेली. शटर वर गेलं की जग सुरू आणि गाडी कोपऱ्यावर वळली की जग बंद, इतकाच माझा मुलूख. पुढे त्या खोक्याचं काय झालं हे मी कधी विचारलं नाही. माल पोचल्याची सही आली की विषय मिटला. आता दुपारी पडलो की ती सगळी खोकी एकेक करून उघडतात. काचा भरलेली गाडी एकदा मी पावसात पाठवली होती. त्यातल्या एका काचेला आता कुणीतरी नाक लावून बसलं आहे. पंख्यांची पाती गेली होती. ती कुठल्याशा खोलीत हळूहळू फिरताहेत आणि खाली पुस्तक उघडं ठेवून कुणी झोपलं आहे. इतक्या घरांत मी जाऊन आलोय, ताई, आणि मला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही, कारण मी तिथे होतो हे ना त्यांना ठाऊक ना मला.

पण अभ्यास म्हणजे नुसतं तरंगणं नव्हे, हे मॅडमनी लगेच दाखवून दिलं. त्यांनी वर्गात एक खेळ लावला. चार टेबलं: दुकान, ठोक व्यापारी, गोदाम, कारखाना. बोलायचं नाही. मागच्या टेबलाकडे मागणीची चिठ्ठी द्यायची आणि पुढच्या टेबलाकडे पुठ्ठ्याच्या गाडीतून लाकडी ठोकळे पाठवायचे. मला अर्थातच गोदामावर बसवलं. कारखान्याकडून भरलेली गाडी आली, मी ठोकळे उतरवून घेतले, आणि गाडी रिकामी परत निघाली. आता तूच सांग, माझ्यासारख्याला हे बघवेल? गाडी रिकामी परत पाठवायची नाही, परतीचं भाडं मिळाल्याशिवाय हलवायची नाही, हे माझ्या हाडात भिनलेलं. हात आपोआप गेला आणि समोरचे ठोकळे मी परतीच्या गाडीत रचून दिले. छान रचले, वर रुमाल टाकून ताडपत्रीही केली. दर फेरीला. कारखान्याच्या टेबलावरच्या मुलीचे डोळे मोठे होत चालले होते, पण बोलायला बंदी. शेवटी दुकानात एक ठोकळा नाही, ठोक व्यापारी कपाळाला हात लावून बसलेला, आणि कारखान्यात त्यांचाच माल त्यांच्याकडे परत येऊन ढीग लागलेला. आमचा गट सपशेल हरला. मॅडमनी त्या ढिगातला एक ठोकळा उचलून बघितला. मग म्हणाल्या, काका, इतकी वर्षं हा खेळ घेते, पण असं कुणी केलं नव्हतं. (मला वाटतं त्यात थोडं कौतुकही होतं. ऐकणाऱ्याला कळतं.)

त्याच तासाला त्यांनी समजावलं की माझी करामत सोडली तरी हा खेळ बिघडतोच. दुकानात एखाद्याने एक साबण जास्त मागितला की दुकानदार धास्तीने आणखी दोन मागवतो, ठोक व्यापारी त्यावर आपली धास्ती घालतो, गोदामवाला आपली, आणि कारखान्याला वाटतं सगळ्या जगाने आंघोळी वाढवल्या. चाबकासारखं. मुठीपाशी मनगट जरासं हलतं आणि टोकाला कडाका होतो.

आता माझ्या आजारपणाकडे येतो.

परवा जेवताना मी मिठाच्या बरणीकडे बघितलं आणि उसासा टाकला. बस्स. इतकाच माल माझ्याकडून निघाला. मी मिठाचाच विचार करत होतो: मिठागर, वाळत चाललेलं पाणी, पाण्यावर आकाश. तुझ्या वहिनीने तो उसासा उतरवून घेतला आणि सूनबाईला म्हणाली, हे हल्ली जरा गप्प असतात. सूनबाई काळजी करणारी, तिने वर थोडं घालून मुलाला सांगितलं की बाबांचं जेवणावर लक्ष नसतं. मुलाने धाकट्याला फोन केला: बाबांनी जेवण टाकलंय. धाकट्याचं औषधाचं दुकान. त्याच्याकडे जी बातमी जाते ती गोळीच्या आकाराची होऊन बाहेर पडते. तो म्हणाला, वजन उतरणं चांगलं लक्षण नाही. (वजन? माझा पट्टा एक भोक सैल करावा लागलाय.) आणि त्याच्या बायकोने तुला काय सांगितलं हे मला भिंतीतून ऐकू आलं नाही, पण तू भाऊजींना घेऊन, आणि स्वेटर भरून, निघते आहेस यावरून अंदाज येतो.

मागणी वाढली की मालही येतो. शेजारच्या शिंप्याने फळं आणली. गोदामातल्या हमालांनी मिळून फळं आणली. ज्या ड्रायव्हरला मी एकदा कामावरून काढलं होतं आणि दुसऱ्या दिवशी परत घेतलं होतं, तो फळं घेऊन आला आणि माझा हात हातात धरून बसला. मलाच भरून आलं. फ्रीजचं दार आता दोरीने बांधावं लागतं. आणि काल धाकट्याने चाकांची खुर्ची पाठवली. मी रागाने परत पाठवणार होतो, पण एकदा बसून बघितली. ताई, वाचायला इतकी सोयीची खुर्ची माझ्या नशिबात आजवर आली नव्हती. दिवाणखान्यातून खिडकीपाशी पायाने ढकलत जाता येतं, ऊन सरकलं की आपणही सरकायचं. काल संध्याकाळी मुलाने मला तसं खिडकीशी, मांडीवर पुस्तक, डोळे मिटलेले, असं पाहिलं आणि हळूच येऊन माझ्या पायांवर शाल टाकली. मी म्हटलं, अरे, मी बंदरावर आहे. त्याचा काही उपयोग झाला नाही.

तेव्हा परिस्थिती ही अशी. मी आजारी नाही, डोकं फिरलेलं नाही, कुणी मला भुलवलेलं नाही. फक्त आयुष्यात पहिल्यांदाच मला कुठे माल पोचवायची घाई नाही. तू रविवारी येऊ नकोस, आणि धाकट्याला तूच सांग की बैठक रद्द. तुझ्या एका फोनने जितक्या वेगाने हे वाढलं तितक्याच वेगाने ओसरेल. भाऊजींना नमस्कार सांग, जरा मोठ्याने. नातवंडांच्या डोक्यावरून माझा हात फिरव.

तुझा,
खिडकीजवळच्या जागेवरचा मधला

ता. क. : पत्र पाकिटात घातल्यावर वाटलं की रविवारी येऊ नकोस हे ठीक, पण शुक्रवारी यायला हरकत नाही. एकटीच ये. धाकट्याला कळू देऊ नकोस. कुणी विचारलंच तर मला चार शब्द सुनवायला जाते म्हणून सांग, पटेल.

ता. क. दोन : आणि आलीसच तर परीक्षेपर्यंत राहा. त्याचं असं आहे की या विषयात बाण आणि चौकोन निम्मेच असतात. उरलेलं निम्मं गणित आहे. सरासरी, मग सरासरीपासून कोण किती लांब पळालं ते, मग त्याचं वर्गमूळ. गोदामात हे मी नजरेने करायचो. इथे नजरेला मार्क नाहीत. तू इतकी वर्षं पोरांना गणित शिकवलंस, ढ पोरांनाही, आणि त्यातले काही आज बँकेत आहेत.

ता. क. तीन : मिठाच्या बरणीचं मी वर जे लिहिलं, मिठागर, आकाश वगैरे, ते नंतर सुचलं. त्या दिवशी दुपारी चाचणीचा निकाल लागला होता आणि गणिताच्या भागात मला भोपळा मिळाला होता. तो पेपर शर्टाच्या खिशात घेऊन मी जेवायला बसलो होतो. घरात कुणाला सांगितलेलं नाही. मुलगा खूश होईल आणि मग खूश झाल्याबद्दल त्याला वाईट वाटेल. तेव्हा ताई, तुझ्यापर्यंत पोचेस्तोवर बातमीत पुष्कळ भर पडली हे खरं, पण उसासा खरा होता. शुक्रवारी सकाळची गाडी लवकर पोचते. मी स्टँडवर उभा राहतो.