न्हानीले सागवानी दार

सौ. अश्विनी वैनी,

आधी गुन्हा सांगतो, नमस्कार मागून. नमस्कार आधी वाचला तं तुमाले वाटीन पोट्टं सुधरलं. तं गुन्हा असा का, तुमी इथं इसरून गेलेल्या त्या फुलाच्या तळव्याच्या चपला घालून मी सैपाकघरातल्या ओल्या कोब्यावरून चाललो.

आता नमस्कार. तुमच्या आईचे गुडघे कसे हायेत? बाबाचा खोकला? डोनगावले हिव पडलं का? इकडे मोताळ्याच्या वावरात असं पडून राह्यलं का सकाळी नाक जाग्यावर हाये का नाई ते हातानं पाहा लागते. तुमचा लाडका देर (दुसरा देर नाई म्हनून लाडका) बाकी मजेत हाये.

फोन काऊन नाई केला म्हनसान. वावरात रेंज फक्त हिरीच्या काठावर, आन् तिथं भाऊ मोटर चालू करून बसेल असते. कागद कसा, वाचून चुलीत घालता येते. शिवमची पिकअप तिकडे येऊन राह्यली, त्याच्यापाशी देल्ला. त्याले चा पाजा, पन काई इचारू नोका, त्याच्या पोटात काई राह्यत नाई.

गावातलं घर काकाच्या वाट्याले गेलं आन् वर टिनं चढल्याबरोबर आपुन या अर्ध्या घरात आलो, ते तुमाले मालूमच हाये. दिवाळीले मायेरी जातानी तुमी भाऊले येकच गोष्ट म्हनली होती, "न्हानीले दार लागल्याबिगर मी येत नाई. तुराट्याच्या ताट्ट्याआड आंघोळ करायले मी काई म्हैस नाई." मले तं तवाच पटलं होतं. (बोललो नाई, कारन भाऊच्या हातात फावडं होतं.) मंग भाऊनं काय केलं? ओटा बांधला. गोठा बांधला. कुत्र्याले बसायले पायरी बांधली. न्हानीचं दार म्हनलं का म्हने, "शेवटी लावू बे, कुठं पळून चाललं?" दार नाई पळालं, बायको गेली.

तं त्या दिवशी शंकरराव मिस्त्री कोबा घालून गेले. भाऊ गव्हाले पानी द्यायले, आई बाजूच्या वावरातल्या सिंधूताईच्या इथं वांगे भाजायले. घरात मी येकटा आन् तो कोबा, ताटात थापलेल्या बर्फीवानी. म्हनलं चपलाचे पावलं उमटवू, आई म्हनीन लक्ष्मी आली, नारळ फोडीन, खोबरं आपल्याले. टाचा भायेर काढून, दोन्ही हात पसरून, नवरी चालते तसा चाललो. न्हानीपावतर गेलो तं पुढे वाळूचा ढीग. मंग तिथूनच पलटलो आन् आलो तसाच भायेर. चपला कडब्यात लपवल्या. पावलं आत गेले, न्हानीपाशी थांबले, वापस आले, याचा काय अर्थ निंगीन हा इचार मी केलाच नाई. (इचार करता आला असता तं दहावीत दोन डाव बसलो असतो काय?)

सकाळी आई म्हने, "लक्ष्मी काय चपला घालून येते काय रे भाड्या?" माह्यं नारळ तिथंच बुडालं. पन भाऊ खाली बसला. तळव्याचं फूल त्यानं वळखलं, चपला त्यानंच खामगाववरून आनल्या होत्या ना. त्याले वाटे तुमी त्या मायेरी नेल्या. लय येळ बोटानं ते फूल चाचपलं आन् मले म्हने, "तुही वैनी आली होती बे, गोकुळ. न्हानीपावतर गेली, दार नाई पाह्यलं, पलटली. मले आवाज बी देल्ला नाई." डोनगावची बाई येकटी येऊन वापस गेली कशी, हे बी त्यानं इचारलं नाई. शंकरराव म्हने, "पाय लय खोल रुतले, मायेरचं जेवन मानवलं वाटते." मी हासलो. मंग भाऊचं तोंड पाह्यलं. खरं सांगाचं होतं, ते सोडून मी घमेलं घेऊन वाळू भराले लागलो. मिस्त्रीनं पावलं पुसायले थापी उचलली तं भाऊनं त्याईचा हात धरला.

मंग आयका. समोरच्या दरवाज्याले सागवानी दार करून आनलं होतं ना, मोर कोरलेलं, पितळी कडीचं? ते भाऊनं त्याच दिवशी न्हानीले ठोकलं! आता समोर तुराट्याचा ताट्टा, सारं हिव सरळ घरात, कुत्रे पाव्हन्यावानी येऊन जातात, आन् न्हानी किल्ल्यावानी बंद. आई दुपारी पोथी घेऊन न्हानीतच बसते, म्हने घरात तेवढीच येक ऊब हाये. सिंधूताई आल्या, त्याईले वाटलं देवघर, भायेर चपला काढून मोराच्या पाया पडल्या.

संध्याकाळी पऱ्हाट्या पेटवून आमी तिघं शेकत बसतो. भाऊ येका बाजूनं जागा सोडून बसते. मी तिथं बसाले गेलो तं म्हने, "तिकडे सरक, धूर येते." धूर तं माह्याच बाजूनं येत होता. कोब्यावर चालतानी बी तो पावलं चुकवून चालते. तुमी गेल्यापासून मले शिव्या देनारं कोनी नाई राह्यलं, आन् भाकरीचा करपलेला पापुद्रा माह्यासाठी काढून ठेवनारं बी नाई.

मोठ्याईले दंडवत.

तुमचा, उघड्या घरातला,
गोकुळ

ता. क. – खरं काम हे हाये. येत्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी भाऊ तुमाले न्यायले येऊन राह्यला. आल्याबरोबर इचारीन, "आली होती काय?" तुमी निसतं "हाव" म्हना. जास्त काई नोको, तुमाले खोटं बोलता येत नाई, नाक लाल होते. आन् यायचं नसीन तं मंग "नाई" म्हना, पन मंग मले आधी कळवा, मी आत्याकडे पळतो.

ता. क. दुसरा – खोबऱ्याचं खोटं सांगतलं. तो कोबा पाह्यला आन् वाटलं, याच्यावर पह्यलं पाऊल वैनीचं पडावं. तुमी नव्हत्या, चपला होत्या.

वैनी, हात जोडतो, हे कोनाले सांगू नोका. आईले नाई, शिवमले नाई, भाऊले तं मेल्यावर बी नाई. त्याले तसंच वाटू द्या, का दार नव्हतं तवाबी तुमी येक डाव आपल्या मनानं आल्या होत्या.