क्लचवरचा पाय

बाबा, तुमच्यावर ओरडलो होतो तसाच आज एका गुरुजींवर ओरडणार होतो. सात महिन्यांत क्लचप्लेट दुसऱ्यांदा जळाली म्हणून त्यांनी गाडी पांढरकवड्याला आपल्या गॅरेजवर आणली आणि आल्या आल्या मलाच धारेवर धरलं, "तू डुप्लिकेट माल टाकला." माझं डोकंच फिरलं. पान्हे काढलेही होते. पण तुम्ही म्हणायचात, "पह्यले चालवून पाह्य, मंग खोल," म्हणून तोंड दाबून त्यांच्या शेजारी बसलो.

पेडल बरोबर होतं, केबल मोकळी होती, गिअरबॉक्सपाशी तेलाची गळती नव्हती. घाटंजीच्या रस्त्याला लागलो. चौथा गिअर पडला, तरी क्लच दाबल्यावर येतो तो बेअरिंगचा बारीक आवाज काही थांबेना. वाकून पाहतो तर डावा पाय पेडलवरच, म्हणूनच प्लेट घासून जळत होती. "गुरुजी, पाय उचला." "उचललेलाच हाय ना बाप्पा," ते म्हणाले. "तीस वर्षांपासून गाडी चालवून राह्यलो, मले काय शिकवतो?" ते खोटं बोलत नव्हते. पाय पेडलवर आहे हे त्यांना जाणवतच नव्हतं. त्या गाडीतून रोज शाळेतल्या दोन शिक्षिका त्यांच्यासोबत जातात.

गाडी बाजूला घ्यायला लावली आणि बूट काढा म्हटलं. ते भडकले, "काहून? पायाले काय झालं?" शेवटी मीच खाली बसून काढला. बुटाच्या तळातून बाभळीचा काटा आरपार आलेला आणि मोजा रक्तानं पायाला चिकटलेला. काटा कधी घुसला ते त्यांना ठाऊकच नव्हतं. पायाकडे बघत हळूच म्हणाले, "दुखत तर नाही ना रे." शुगर आहे का विचारलं, तर म्हणे थोडीशी आहे, गोळी कधी घेतो, कधी राहते. मी चावी काढून घेतली आणि त्यांना बाजूला बसवून थेट दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं, पाय वाचेल.

वेळेवर म्हणाले आणि मला तिथं उभं राहवेना, बाहेर येऊन बसलो. तुमच्या गाडीची प्लेट जळाली तेव्हा मी चार गिऱ्हाइकांसमोर तुम्हाला म्हणालो होतो, "जन्मभर लोकायले सांगितलं क्लचवर पाय ठेवू नका, आता तुम्हीच ठेवून राह्यले. उमर झाली, घरी बसा." तुम्ही चावी बाकड्यावर ठेवली आणि घराकडे निघालात. त्यानंतरच्या पावसाळ्यात तुमच्या पायाचा अंगठा काळा पडला, नागपूरला पाय कापला, आणि दिवाळी काही तुम्ही पाहिली नाही. आईला, बहिणीला, भेटेल त्याला मी एकच सांगत आलो, की आम्हाला काही कळलंच नाही.

हे लिहिलेलं आईच्या हाती पडू द्यायचं नाही, म्हणून आजच फाडून टाकीन. त्या दिवशी तुम्ही निघालात तेव्हा तुमची डावी चप्पल क्लचखालीच राहिली होती. उन्हाळ्यातल्या त्या तापलेल्या रस्त्यावर तुम्ही एका पायानं अनवाणी चालत गेलात आणि तुम्हाला त्याचा पत्ताच नव्हता. मला होता, बाबा. ती चप्पल उचलून मी गिऱ्हाइकांना दाखवली आणि हसलो.